शुल्किलच्या काठची रिफायनरी

फिलाडेल्फिया

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडची रिफायनरी स्फोटानं बंद पडली ना?" मी घाईत "हो" म्हटलं आणि तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. माहुलच्या रिफायनरीत 34 वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला असं अर्धं उत्तर द्यायला नको होतं.

स्फोट झाला हे खरंच. 21 जून 2019, पहाटे चारच्या सुमारास. पेट्रोलचा एक घटक बनवणाऱ्या अल्किलेशन युनिटमधला, 1973 च्या आसपास बसवलेला एक एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा तुकडा, झिजून क्रेडिट कार्डाच्या निम्म्या जाडीचा उरला होता. त्याच्या पोलादात निकेल आणि तांबं जास्त, म्हणून तो शेजारच्या पाइपापेक्षा लवकर खाल्ला गेला. जाडी मोजायचे ती शेजारच्या पाइपाची; एल्बोची कुणी मोजलीच नाही. प्रोपेन सुटला, पेटला आणि 38,000 पौंडांचा एक तुकडा उडून शुल्किल नदीपलीकडे पडला. युनिटमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड होतं, जीवघेणं विषारी. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरनं बटण दाबून त्यातलं बहुतेक ॲसिड लगेच दुसऱ्या टाकीत उतरवलं. कुणाचा जीव गेला नाही. त्या एका माणसाचे या शहरावर केवढे उपकार आहेत!

पण बाबा, ही रिफायनरी जानेवारी 2018 मध्येच एकदा दिवाळखोरीत गेली होती. त्याचं मूळ जुनं आहे. अरबांनी तेल रोखल्यानंतर, 1975 साली, अमेरिकेनं आपलं क्रूड, म्हणजे कच्चं तेल, देशाबाहेर पाठवायला जवळजवळ बंदीच घातली होती. पुढे नॉर्थ डकोटात बाक्कन या तेलक्षेत्रातलं तेल एवढं निघायला लागलं की ते देशातच साचून स्वस्त झालं. आमच्या रिफायनरीनं ते मालगाड्या भरभरून आणलं आणि 2012 मध्ये बंद पडता पडता ती तगली. मग डिसेंबर 2015 मध्ये बंदी उठली. तेलाला जगाचा बाजार मोकळा झाला, स्वस्ताईचा फरक आटला. 2017 मध्ये बाक्कनहून दक्षिणेकडे नवी पाइपलाइन सुरू झाली आणि तेल तिकडे वळलं. पूर्व किनाऱ्यापर्यंत अशी पाइपलाइन नाहीच. टेक्ससहून जहाजानं आणायचं तर कायद्यानं ते अमेरिकी जहाजच लागतं, आणि त्याचं भाडं परदेशी जहाजापेक्षा कितीतरी जास्त. मालक मात्र बोट दाखवत होते इंधनात जैवइंधन मिसळायला लावणाऱ्या नियमाच्या खर्चाकडे. तोही बोजा होताच, पण क्रूड महागलं हे मला त्याहून मोठं कारण वाटतं. आता अमेरिका रोज 40 लाख बॅरलच्या आसपास क्रूड बाहेर पाठवते. 2017 पासून आपल्या देशातही ते येतं.

आगीनंतर पाचच दिवसांत बंदची घोषणा झाली. दिवसाला 3,35,000 बॅरल क्षमता, पूर्व किनाऱ्यावरची सर्वांत मोठी रिफायनरी, आणि हजारावर माणसं घरी बसली. त्यांच्याबद्दल वाचताना मला पहाटे डबा घेऊन निघणारे तुम्ही दिसत होतात.

आई, तुला मात्र शेजारच्या वस्तीतल्या बायकांचं म्हणणं पटेल. वारा फिरला की तू दोरीवरच्या चादरी धावत जाऊन काढायचीस, तसंच त्यांचंही आयुष्य गेलं. तिथे रिफायनरीच्या कुंपणापाशी हवेतलं बेंझीन, ज्यानं कर्करोग होतो ते, सरकारी मर्यादेच्या वर होतं. रिफायनरी बंद झाली तेव्हा त्यांना आनंद झाला, आणि तो मला अगदी रास्त वाटतो. बाबा, रागावू नका. तुमच्या त्याच पगारावर मी शिकले, हे मी विसरलेले नाही.

आता त्या 1,300 एकरांवर गोदामं आणि प्रयोगशाळा उभारायचं चाललंय. तुम्ही आलात की विमानतळावरून येताना प्लॅट पुलावरून ती जागा दाखवीन.

तोवर एक लिहून कळवा. तुमच्या प्लांटमध्ये एल्बोची जाडी कोण मोजायचं, आणि किती वर्षांनी? फोनवर नको, कागदावरच लिहा. तुमचं अक्षर पाहून फार दिवस झाले.

आई, बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुमची,
सुमा