न्यायाधीश निवडून द्यायचे, पण खर्च कुणाचा?

महोदय,

आपल्या पेपरात मध्यंतरी एका वाचकाचं पत्र आलं होतं, वरच्या कोर्टांचे न्यायाधीश ज्येष्ठ न्यायाधीशच निवडतात ती कॉलेजियम पद्धत बंद करा आणि न्यायाधीश सरळ लोकांनाच निवडू द्या म्हणून. ऐकायला झकास. पण मी २०२५ च्या मार्चमध्ये मुलीकडं अमेरिकेत विस्कॉन्सिनला होतो, तिथं नेमकी राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या एका जागेची निवडणूक चालली होती आणि रोज मेलबॉक्स उघडला की गुळगुळीत कार्डांचा ढीग, एकावर उमेदवार सुझन क्रॉफर्ड गुन्हेगारांना सोडते, दुसऱ्यावर तिच्याविरुद्धचा ब्रॅड शिमेल सोडतो, टीव्ही लावला तरी तेच. एका जागेपायी सगळे मिळून जवळपास १० कोटी डॉलर उडाले. त्यात शिमेलसाठी इलॉन मस्क आणि त्याच्या गटांचे २ कोटींच्या वर, आणि गाड्या विकण्याच्या परवान्यावरून त्याच्या टेस्लाची त्याच राज्याशी केस चालू! शिमेल पडला ते सोडा, क्रॉफर्डच्या मागंही धनदांडगे होतेच.

याहून भारी किस्सा वेस्ट व्हर्जिनियाचा. मॅसी कोल या कोळसा कंपनीविरुद्ध ५ कोटी डॉलरचा निकाल लागलेला, अपील व्हायचं होतं. तेवढ्यात त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाची २००४ ची निवडणूक आली आणि कंपनीचा प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यानं ब्रेंट बेंजामिनला निवडून आणायला ३० लाख डॉलर ओतले. जाहिरातीत कोळशाचं नाव नाही हं, लहान मुलांच्या सुरक्षेचा गळा काढलेला. बेंजामिन जिंकला, अपील समोर आलं, बाजूला हो म्हटलं तर झाला नाही आणि ३ विरुद्ध २ नं निकाल कंपनीच्या बाजूनं फिरला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की यानं बसायलाच नको होतं, ते पण ५ विरुद्ध ४ नं, म्हणजे चौघांना ते मान्य नव्हतं!! नंतर बेंजामिनशिवाय परत सुनावणी झाली तरी कंपनीच जिंकली. मग निकाल पैशानं फिरला की कायद्यानं, आता कोण सांगणार, आणि हरलेल्या माणसाला ते कसं पटणार.

मी तालुका कोर्टात नाझर, म्हणजे कचेरीचं कामकाज बघणारा कर्मचारी होतो. आमच्या एका साहेबांनी पक्षकारानं घरी पाठवलेली आंब्याची पेटी शिपायाच्या हाती तशीच परत धाडली होती, झाकण पण उघडलं नव्हतं. कॉलेजियममध्ये बंद दाराआड काय चालतं ते मलाही खटकतं, नातलगांची वर्णी लागते ही ओरड काही खोटी नाही. पण निवडणूक म्हटलं की पेट्या आल्याच, आणि त्या आंब्याच्या नसतात.

तिकडची चार कार्डं मी बॅगेत घालून आणलीत. पत्रलेखकांना बघायची असतील तर जरूर दाखवीन.

– एक निवृत्त नाझर, सातारा