लॅबमधल्या भाऊंस, सिगविन बसवून दिल्याबद्दल

भाऊ,
सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं भाऊ. कॉलेजात सगळे तुम्हाला याच नावानं हाक मारतात, तेव्हा कळायचं त्यांना कळेलच. पत्र मात्र उघड लिहिते आहे. विंडोजवर युनिक्सच्या, म्हणजे लिनक्सच्याच घराण्यातल्या प्रणालीच्या, कमांडी चालवू देणारं सिगविन तुम्ही बसवून दिलंत आणि त्यावर जे शिकवलंत, ते बोलीभाषांवर काम करणाऱ्या पुष्कळ जणांच्या उपयोगाचं आहे, आणि ते एका लॅब असिस्टंटकडून मिळालं हेही लोकांना ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या मराठी विभागात मुलं घरून, शेतावरून, आज्यांकडून वऱ्हाडी शब्द लिहून आणतात. पोट्टं (पोर), पऱ्हाटी (कपाशीचं झाड), कायले, उन्हाया, येजो. कुणी नोटपॅडमध्ये टाइप करून पेनड्राइव्हवर आणतं, कुणी मोबाइलवरून पाठवतं. फायलींचा ढीग साठला होता आणि त्या सगळ्यांची मिळून एक यादी काही होत नव्हती. विभागाचं मशीन जुनं, त्यावर विंडोज, आणि ॲडमिनचा पासवर्ड आमच्याकडे नाही. बाहेर विचारलं तर उत्तर एकच मिळायचं: नवीन मशीन घ्या.

तुम्ही मशीनसमोर बसलात आणि आधी यात काय काय चालणार नाही ते सांगितलंत. विंडोजच्या आत लिनक्स चालवायची डब्ल्यूएसएल नावाची मायक्रोसॉफ्टचीच सोय २०१६ पासून आहे. पण ती सुरू करायला ॲडमिनचे अधिकार हवेत, आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीला व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनच्या आत दुसरं चालवायची सोय) चालू असावं लागतं. आमच्याकडे दोन्ही नाही. मग सिगविन. १९९५ साली सिग्नस या कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी त्याची सुरुवात केली आणि आजही ते फुकट मिळतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. युनिक्सचे प्रोग्रॅम विंडोजसाठी नव्यानं कंपाइल करायचे, आणि ते युनिक्सकडे जे जे मागतात ते मधल्या एका डीएलएल फायलीनं विंडोजकडून करून घ्यायचं, अशी त्याची रचना आहे. तुम्ही फोल्डर उघडून ती सिगविन१.डीएलएल फाइल दाखवलीत आणि म्हणालात, "मॅडम, ही दुभाषी. ही हलली की सगळं बंद."

सेटअप ‘नो ॲडमिन’चा पर्याय देऊन चालवलंत आणि ‘जस्ट मी’ निवडलंत. फोल्डरच्या नावात कुठे मोकळी जागा येऊ दिली नाहीत, कारण पुढे प्रत्येक कमांडला ती आडवी येते. शोधणारं ग्रेप, क्रम लावणारं सॉर्ट, मजकूर बदलणारं सेड ही मंडळी मूळ संचातच येतात. विंडोजच्या फायली युनिक्सच्या धाटणीच्या करणारं डॉसटूयुनिक्स तेवढं पॅकेजांच्या यादीत शोधून ‘स्किप’च्या जागी आवृत्ती निवडायला मला लावलंत. पुढे काही हवं झालं तर हीच सेटअप फाइल पुन्हा चालवायची, ती आधीचं पुसत नाही, भर घालते, फक्त त्याआधी सिगविनच्या सगळ्या खिडक्या बंद करायच्या: हे तुम्ही दोनदा सांगितलंत. त्याच फायलीनं मी नंतर एकटीनं पॅकेजं घातली, तुम्हाला फोनसुद्धा करावा लागला नाही.

पण भाऊ, खरे आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या दुपारचे.

सगळ्या फायली जोडल्या, सॉर्ट केल्या, सारख्या ओळींतली एकच ठेवणारं युनिक चालवलं, आणि पडद्यावर ‘पऱ्हाटी’ एकाखाली एक कितीतरी वेळा. डोळ्यांना सगळ्या सारख्या. एखाद्यानं जास्तीच्या ओळी हातानं खोडून दिल्या असत्या, मलाही तेव्हा ते चाललं असतं. तुम्ही म्हणालात, "मशीनला वेगळं दिसते, तर काहीतरी वेगळं हायेच. पाहू." आणि ओडी नावाची कमांड चालवलीत. ती फायलीतला एकेक बाइट अंकांत उलगडून दाखवते.

मग एकेक गोष्ट समोर आली. नोटपॅडच्या ओळींच्या शेवटी एक जास्तीचं चिन्ह होतं, मोबाइलवरून आलेल्या ओळींना ते नव्हतं. विंडोज ओळ संपवताना दोन चिन्हं टाकतं, युनिक्स एकच. काही फायलींच्या अगदी सुरुवातीला ३५७ २७३ २७७ असे तीन बाइट होते, नोटपॅडनं ‘ही यूटीएफ-८ फाइल आहे’ म्हणून मारलेली खूण. त्यामुळे त्या प्रत्येक फायलीतला पहिला शब्द वेगळा पडत होता. डॉसटूयुनिक्सनं या दोन्ही गोष्टी एकदमच साफ केल्या.

तरीही ‘पऱ्हाटी’ दोनदा उरलीच. तेव्हा तुम्ही मला खुर्चीवर बसवलंत आणि दोन्ही ओळींचे अंक स्वतः वाचायला लावलेत. एकीत २६१ होता. दुसरीत त्याच जागी २६०, आणि थोडं पुढे ३४२ २०० २१५. आपला अर्धा र युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिला जातो: कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतं, कुणी साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारा जोडक. कागदावर फरक शून्य, मशीनसाठी दोन वेगळे शब्द. ज्या बोलीचं नाव वऱ्हाडी, तिच्या नावातच ही भानगड! इतकी वर्षं मी भाषा शिकवते आहे, पण लिपीकडे इतक्या जवळून पाहायला मला कुणी लावलं नव्हतं. सेडच्या एका ओळीत तुम्ही दुसरी तऱ्हा पहिलीत बदललीत आणि यादी एकदम आटोपशीर झाली. दुसऱ्या, बिचाऱ्या, कोऱ्या, पुऱ्या, सगळे जागेवर आले. मराठी शब्दांच्या याद्या करणाऱ्या प्रत्येकानं ही एक तपासणी आधी करून घ्यावी.

क्रमाचंही तसंच. सॉर्टला मशीनच्या भाषेच्या सेटिंगवर सोडायचं नाही, एलसी_ऑल या सेटिंगची किंमत सी करायची, म्हणजे क्रम फक्त बाइटांवर लागतो आणि प्रत्येक मशीनवर तोच येतो. पण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आहे. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. यावर तुम्ही काढलेली युक्ती मी सगळ्यांना सांगत असते. अवग्रहाचं चिन्ह (ऽ) युनिकोडमध्ये ह च्या पुढे आणि काना-मात्रांच्या आधी येतं. आधी ग्रेपनं यादीत अवग्रह कुठेच नाही याची खात्री केलीत, मग प्रत्येक ळ चा अवग्रह केलात, यादी लावलीत आणि अवग्रहाचे परत ळ. कळ हा शब्द कह च्या पुढे आणि का च्या आधी, अगदी हवा तिथे बसला. त्यासाठी कुठलंही विकतचं सॉफ्टवेअर लागलं नाही.

आमच्या मुलांना मात्र सगळ्यात आवडली ती पुढची गोष्ट. वऱ्हाडीत ळ चा य होतो: डोळा-डोया, काळा-काया, केळी-केयी. मला जाणून घ्यायचं होतं की आमच्या यादीत नुसत्या उच्चारानं वेगळे झालेले शब्द कोणते आणि मुळातूनच वेगळे कोणते. तुम्ही विचारलंत, शब्दापुढे प्रमाण मराठी प्रतिशब्द लिहिलेली फाइल आहे का? होती. त्यातले ळ असलेले प्रतिशब्द ग्रेपनं काढले, सेडनं ळ चा य केला, लावले, आणि कॉम नावाच्या कमांडनं आमच्या यादीशी ताडून पाहिले. दोन्हीकडे सापडले ते उच्चाराचे. उन्हाया तिथे आला, डोया आला. पऱ्हाटी आणि पोट्टं अर्थातच दुसऱ्या बाजूला राहिले. जे हातानं करायला आम्ही सुट्टी धरून बसलो होतो ते डोळ्यांसमोर झालं, आणि मुलं आपापल्या गावचा शब्द कुठल्या बाजूला पडला ते शोधत पडद्याला चिकटली.

सिगविन मंद का वाटतं हेही तुम्ही लपवलं नाहीत. युनिक्समध्ये चालता प्रोग्रॅम आपली प्रत काढून नवं काम सुरू करतो. विंडोजमध्ये तशी सोय नाही, त्यामुळे सिगविनला ती नक्कल करावी लागते आणि प्रत्येक नव्या प्रोग्रॅममागे वेळ जातो. म्हणून फाइलगणिक वेगळा सेड चालवायचा नाही, सगळ्या फायली एकाच वेळी एकालाच द्यायच्या. कारण सांगून शिकवलेलं असं डोक्यात राहतं. आता आमच्याकडे बी.ए.च्या मुली हे करतात, इंग्रजीची भीती न बाळगता.

तुमच्या कामाच्या यादीत यातलं काहीच नव्हतं. लॅबची वेळ संपल्यावर, प्रॅक्टिकलच्या बॅचेस उरकून तुम्ही वर आमच्या विभागात यायचात. चहाखेरीज काही घेतलं नाहीत. आभार मानायला गेले तर म्हणालात, माझे कसले, सिगविनची पॅकेजं सांभाळणारे लोक जगभर आहेत, बरेचसे बिनपगारी, त्यांचे माना. त्यांचेही मानते, मनापासून. पण पऱ्हाटीतला तो २६० आणि २६१ मला दाखवला तो तुम्ही.

यादीत आता गावांचा रकाना भरायचा आहे. कुठला शब्द यवतमाळकडचा, कुठला अकोल्याकडचा, हे ऑक नावाच्या कमांडनं मोजता येईल असं तुम्ही जाता जाता बोलला होतात. शनिवारी दुपारनंतर विभाग उघडा ठेवते. मुलांना सांगून ठेवलं आहे, भाऊ येणार म्हणून.

आपली,
मराठी विभागातली मॅडम