पश्चिमेच्या भिंतीविषयी मित्रास पत्र

पुणे,
१८ जानेवारी

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचा दापोलीजवळच्या मुरूडच्या नव्या घराचा नकाशा परवा मिळाला. जुने घर उतरवण्याचा निर्णय घेताना तुला किती जड गेले असेल, हे मी समजू शकतो. वाळवीने वासे पोखरले होते आणि दुसरा इलाजही नव्हता. नवे घर असे हवे की पंधरा वर्षांनी ते जुनाट वाटू नये, आणि मुलांनाही ते पाडून पुन्हा बांधावेसे वाटू नये, असे तू लिहिले आहेस. त्या वाक्यावर मी दोन दिवस विचार करतो आहे. नकाशात मात्र मला त्या इच्छेच्या विरुद्ध जाणाऱ्या काही गोष्टी दिसल्या. आपल्या मैत्रीच्या हक्काने त्या स्पष्टपणे लिहितो.

सर्वांत मोठी गोष्ट पश्चिमेच्या भिंतीची. समुद्र दिसावा म्हणून दिवाणखान्याची ती संपूर्ण बाजू दोन मजले उंच काचेची दाखवली आहे. आजकाल छायाचित्रांत अशी घरे फार दिसतात, आणि मुलांना ती आवडणे स्वाभाविक आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी चार-पाच वाजता सूर्य पश्चिमेला खाली उतरतो आणि ऊन छज्ज्याच्या खालून सरळ आत शिरते. नेहमीच्या छज्ज्याने ते अडत नाही. जूनपासून त्याच दिशेने वारा आणि पावसाची झड येते. आपल्या पूर्वजांनी समुद्राच्या बाजूला नारळी-पोफळीची वाडी ठेवली, मग पडवी, मग ओटी, आणि त्यानंतर माजघर. पावसाळ्यात पडवीला बांधलेले झावळ्यांचे झाप तुला आठवत असतीलच. ऊन आणि पाऊस थेट राहत्या खोलीला भिडू नये, इतकाच त्या सगळ्या रचनेचा हेतू होता.

हा विचार केवळ कौलारू घरांपुरता नाही. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत कांचनजंगा ही २८ मजल्यांची इमारत उभारली. ती १९८३ साली पूर्ण झाली. तिथेही हीच अडचण होती. समुद्र आणि वारा पश्चिमेला, आणि कडक ऊन व पाऊसही पश्चिमेलाच. त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्याची कल्पना घेतली आणि सदनिकांना दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या दिल्या. साहित्य काँक्रीटचे, आकार अगदी नवा, पण मागचा विचार पडवीचाच. चाळीस वर्षांनंतरही ती इमारत जुनी वाटत नाही, याचे कारण मला त्या गच्च्यांमध्ये दिसते. तूही काचेऐवजी पश्चिमेला दहा फूट खोल पडवी काढ. समुद्र तिथे बसून पाहता येईल, आणि आईंचा झोपाळाही तिथेच लागेल.

मोठ्या खिडक्या हव्या असतील तर त्या दक्षिणेला घ्याव्यात. मुरूड साधारण पावणेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४९ अंश उंचीवर असतो, आणि जूनमध्ये तो डोक्यावरून थोडा उत्तरेकडे सरकतो. त्यामुळे चार फूट उंच खिडकीवर अडीच फुटांचा छज्जा काढला, तर उन्हाळ्यात भर दुपारचे ऊन बाहेर राहते आणि थंडीत खिडकीच्या खालच्या भागातून ते आत येते. हे गणित तुझ्या नातवंडांच्या काळातही असेच राहील, म्हणून खर्चाचा पहिला वाटा त्यावर करावा असे मला वाटते.

माझे हे म्हणणे अनुभवातून आले आहे. २००४ साली आम्ही इथला फ्लॅट सजवून घेतला, तेव्हा दिवाणखान्याच्या भिंतीत टीव्हीसाठी पक्का कोनाडा बांधला होता, त्या वेळच्या खोक्यासारख्या टीव्हीच्या मापाचा. काही वर्षांतच पातळ टीव्ही आले, ते त्याहून रुंद निघाले, आणि तो कोनाडा फोडून भिंत पुन्हा गिलावा करून घ्यावी लागली. छताखाली प्लास्टरचे दुसरे छतही लावले होते. वरच्या मजल्यावरची गळती त्यामागे दोन पावसाळे मुरत राहिली आणि आम्हाला कळली तेव्हा एक तुकडा खाली आला होता. सुदैवाने खोलीत कोणी नव्हते. ज्या गोष्टी दहा वर्षांत बदलणार, त्या भिंतीत आणि छतात कोंडू नयेत, हे मी तेव्हापासून मनाशी धरून आहे. रंग, पडदे, दिवे, कपाटांची दारे यांत मुलांना हवी ती हौस करू दे. ती हौस पडद्यासारखी उतरवता आली पाहिजे. वायरिंगसाठी प्रत्येक खोलीत एक-दोन पाइप रिकामे टाकून ठेव. पुढे काय येईल ते आज सांगता येत नाही, पण पाइप असेल तर भिंत फोडावी लागणार नाही.

भिंतींसाठी जांभ्या दगडाचे चिरेच वापर. केरळात साधी, स्वस्त घरे बांधणारे वास्तुरचनाकार लॉरी बेकर सांगत की, आदर्श घराचे सारे साहित्य पाच मैलांच्या परिघात मिळावे, असे गांधीजींनी त्यांना सांगितले होते. तुझ्यापासून चिरेखाण काही फार लांब नाही. चिरा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कठीण होत जातो. फक्त त्यावर बाहेरून गिलावा करू नकोस. चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, नीट भरून दगड उघडा ठेव. नकाशातली चकचकीत मोठी टाइल्सही मला खटकली. एक फुटली तर दहा वर्षांनी तीच नक्षी बाजारात मिळत नाही, उलट कोटा किंवा शहाबादी फरशी तेव्हाही मिळेल आणि शेजारच्या फरशीशी जुळेल. कौलांचेही तसेच आहे. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून त्या कौलाचा आकार फारसा बदललेला नाही. एक फुटले तर तेवढेच एक बदलायचे.

याचा अर्थ जुन्या घराची नक्कल कर असा मुळीच नाही. सपाट स्लॅबवर शोभेपुरती कौले चिकटवणे आणि काहीही न पेलणारे कोरीव खांब दारात उभे करणे, हीसुद्धा आजची फॅशनच आहे, आणि ती तर अधिक लवकर शिळी होते. शिवाय आपल्या जुन्या घरांत दोष होतेच. माजघरात दिवसाही अंधार असे, स्वयंपाकघरात वहिनींचे आणि आईंचे डोळे धुराने चुरचुरत, आणि रात्री न्हाणीघराकडे अंगण ओलांडून जावे लागे. ते सगळे जाऊ दे. मात्र खाली एक झोपण्याची खोली आणि तिला लागून न्हाणीघर ठेव, दारे तीन फूट रुंद असू देत आणि उंबरे काढून टाक. आज ते आईंसाठी, पुढे आपल्यासाठी. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची वहिनींना उभे करून मोजून घे. नकाशावर सगळ्यांसाठी एकच माप लिहिलेले असते.

जुन्या घराची सागवानी चौकट अजून शाबूत आहे, असे तू मागे लिहिले होतेस. ती सुतारांना विकू नकोस. ओटीच्या दाराला ती तशीच बसेल, आणि ती खरेच दार पेलणारी असल्याने नुसती शोभेची वाटणार नाही.

मी शिमग्याला चार दिवस मोकळे ठेवून येतो आहे. आखणीची चुन्याची रेघ तोपर्यंत मारू नकोस. एका दुपारी आपण दोघे चार वाजता जागेवर उभे राहू, ऊन कुठून येते ते पाहू, आणि मग पश्चिमेच्या भिंतीचे ठरवू.

तीर्थरूप आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर