बेलाची गाडी

प्रिय सई,

आजीकडे पोचल्यावर फोनवर तुझी पहिली मागणी होती ती माझ्या कपाटातल्या ‘ट्वायलाइट’ कादंबऱ्यांच्या सेटची. चारही पुस्तकं कुरिअरने पाठवतेय. तुला देण्याआधी ती परत एकदा वाचावीशी वाटली, म्हणून पार्सलला उशीर झाला. वाचताना जे मनात येत होतं ते फोनवर धड सांगता येईना. सिनेमे तू पाहिलेच आहेस, तेव्हा गोष्ट फोडली असं म्हणू नकोस.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना हा सेट वर्गात हातोहात फिरायचा. पहिलं पुस्तक २००५ चं, चौथं २००८ चं. आम्ही रात्र रात्र जागून ते वाचायचो आणि सकाळी लेक्चरला लाल डोळ्यांनी बसायचो. त्या वेडाची मला आजही लाज वाटत नाही. गोष्ट तुला माहीतच आहे: बेला ही शाळकरी मुलगी आणि तिचा प्रियकर एडवर्ड हा व्हॅम्पायर, म्हणजे रक्तावर जगणारा. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, एकट्या बेलाच्या मनातलं येत नाही. घर, शेजार, वर्ग, सगळ्यांनाच आपल्याबद्दल सगळं ठाऊक असतं अशा वयात हे वाचायला काय वाटतं, ते तू वाचशील तेव्हा कळेलच. आपल्या डोक्यात कुणालाही शिरता येत नाही, आणि तरीही कुणाला तरी नेमकं तेच जाणून घ्यायचंय! लेखिका स्टेफनी मायरने ही नस अचूक पकडलीय. शिवाय तो पाऊस. बेला राहते ते फोर्क्स हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातलं खरंखुरं गाव आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे आजीच्या रत्नागिरीच्या जवळपासच. पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळून जातो आणि तिथे बरेच महिने नुसती रिपरिप चालू असते. ओल्या जंगलाची ती वर्णनं मला यावेळीही तितकीच आवडली.

यावेळी माझं लक्ष खिळून राहिलं ते बेलाच्या गाडीवर. तो जुना लाल शेवरोले पिकअप. बेला फोर्क्सला येते तेव्हा तिच्या वडिलांनी, चार्लीने, तो आपल्या मित्राकडून, बिली ब्लॅककडून, तिच्यासाठी घेऊन ठेवलेला असतो. रंग विटलेला, आवाज कानठळ्या बसवणारा, वेग बेताचाच. तरी पाहताक्षणी तिला तो आवडतो, कारण आता तिला कुठे जायचं तर कुणाचं तोंड बघावं लागणार नसतं. पुढे एका सकाळी बर्फ पडतं, रस्त्यांवर गोठतं, आणि तिची गाडी मात्र कुठेही न घसरता शाळेत पोचते. खाली उतरून बघते तर टायरना साखळ्या लावलेल्या. ती झोपेत असताना, कोण जाणे किती पहाटे उठून, चार्लीने त्या लावल्या होत्या. त्याबद्दल तो तिच्याशी चकार शब्द बोललेला नसतो. तिचा गळा दाटून येतो. पुढच्याच क्षणी एक व्हॅन तिच्या अंगावर घसरत येते, एडवर्ड तिला वाचवतो, आणि साखळ्यांचं ते अर्धं पान सगळे विसरतात. मीही तेव्हा व्हॅनसाठी पानं भराभर उलटली होती.

आता तिसरं पुस्तक, ‘एक्लिप्स’. बेलाला तिचा मित्र जेकब, बिलीचा लांडगा होऊ शकणारा मुलगा, याला भेटायला जायचंय. ती गाडीत बसते, किल्ली फिरवते, गाडी हूं की चूं करत नाही. शेजारच्या सीटवर एडवर्ड, आणि त्याच्या हातात तिच्याच इंजिनाचा एक भाग. सकाळी शाळेच्या वेळेआधी परत बसवून देईन, असं तो अगदी अदबीने सांगतो. आवाज चढवत नाही, हात धरत नाही. तिच्या काळजीपोटीच केलंय, आणि ती काळजी खरीही आहे. बेला चिडते, घरात जाते, खोलीची खिडकी धाडकन बंद करते. मग थोड्या वेळाने एक सुस्कारा सोडते आणि तीच खिडकी सताड उघडते, त्याला यायला.

सई, हे पान सावकाश वाच. तिच्या वडिलांनी त्याच गाडीला हात लावला होता तो ती जिथे जायचं तिथे नीट पोचावी म्हणून. आणि हा हात लावतो तो तिने जाऊच नये म्हणून. दोघांच्याही मनात प्रेमच आहे, आणि दोघंही तिला न विचारता करतात. पण एकानंतर ती शाळेत पोचते आणि दुसऱ्यानंतर अंगणातच राहते.

चौथ्या पुस्तकाच्या सुरुवातीला तो पिकअप मेलेलाच असतो. नैसर्गिक मरण, असं एडवर्डचं म्हणणं. त्याच्या जागी मर्सिडीज येते, क्षेपणास्त्रालाही दाद न देणाऱ्या काचांची, आणि ती चालवताना बेलाला भर चौकात मेल्याहून मेल्यासारखं होतं. लेखिकेने हे गमतीने लिहिलंय. मला मात्र त्या पिकअपसाठी वाईट वाटलं.

चार्लीलाही मी देव्हाऱ्यात बसवत नाहीये. ‘एक्लिप्स’मध्येच जेकब बेलाचं जबरदस्तीने चुंबन घेतो, ती त्याला ठोसा मारते, आणि त्यात तिचाच हात दुखावतो. हे ऐकून हा बाप, गावचा पोलीसप्रमुख, जेकबची पाठ थोपटतो! का, तर त्याला एडवर्डपेक्षा जेकब पसंत. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं, चहा केला आणि मग पुढे वाचलं. आम्हाला कुणी कितीही आवडो, असं काही झालं तर तू येऊन आधी मला सांगायचंस. मी किंवा बाबा त्या मुलाचा चांगुलपणा सांगत बसलो, तर तोंडावर सुनाव.

जेकबचे लोक मात्र खरे आहेत बरं का. पुस्तकात ते व्हॅम्पायरच्या शेजारी उभे असतात, म्हणून तेही कल्पनेतले वाटतात. क्विल्यूट ही खरी जमात आहे. समुद्राला लागून ला पुश नावाचं त्यांचं छोटं गाव आहे, आणि लांडग्यांपासून आपण माणसं झालो अशी त्यांची मूळकथा आहे. ज्याच्यावर जीव जडला त्याच्याशी जन्मभर बांधलं जाण्याचा तो ‘इम्प्रिंट’ प्रकार मायरचा आहे, त्यांचा नाही. जेकबचा जीव बेलाच्या नवजात बाळावर जडतो, तो भाग मला तेव्हाही पटला नव्हता आणि आताही नाही. त्सुनामीच्या भीतीने ते लोक उंचावर जागा मागत होते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा केला आणि ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली सुमारे ७८५ एकर जमीन त्यांना मिळाली. जगभरच्या मुलींच्या भिंतींवर ज्यांच्या नावाची पोस्टरं होती, त्यांची खरी काळजी ही होती.

‘न्यू मून’मध्ये एडवर्ड निघून गेल्यावर पानांवर नुसती महिन्यांची नावं येतात, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, आणि बाकी पान कोरं. छपाईची चूक समजून आजीला दाखवायला जाऊ नकोस. दुःख दाखवायची ती युक्ती फार सुंदर आहे. चौथ्यातलं बेलाचं बाळंतपण मात्र भयंकर आहे, रक्तबंबाळ. ते रात्री एकटीने वाचू नकोस, आणि नकोसं वाटलं तर सरळ पानं सोडून पुढे जा.

तिसरं पुस्तक संपलं की फोन कर. तुला एडवर्ड आवडला तरी मला चालेल, मलाही तो अजून आवडतो. फक्त त्या इंजिनाच्या पानावर तू त्याला काय म्हणाली असतीस, ते मला ऐकायचंय.

आजीला नमस्कार सांग. आंबे पाठवू नका म्हणावं, इथे पेटी आलीय.

तुझी,
आई