दिवसाआड पाणी

यमुनानगर, निगडी
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी वरच्या खोलीला रंग देत होतो, एका हातात ब्रश. धड बोलणं झालंच नाही. पण ‘तुमचं पिंपरी-चिंचवड आता श्रीमंत झालं म्हणे’ हे तुझं वाक्य डोक्यातून जाईना.

झालंय की. २००१ च्या जनगणनेत आपण १० लाखांच्या थोडे वर होतो, २०११ ला १७ लाख २७ हजार. २०२१ ची मोजणी झालीच नाही, त्यामुळे मी आपला पाण्यावरून अंदाज बांधतो. नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतंय. पवना धरण होतं तेवढंच आहे, पिणारी तोंडं वाढली. पाण्याच्या दिवशी आमची ही पहाटे उठून पिंपं भरते. वाकडकडे सोसायट्या टँकर मागवतात आणि खर्च मेंटेनन्समध्ये टाकतात.

टँकर कुणाचा, ओळख! आपल्या वर्गातला, सायकलवर ऊस बांधून आणायचा तो. त्याने जमीन बिल्डरला दिली, विहिरीपुरता तुकडा मात्र राखला. आता त्याच विहिरीचं पाणी त्याच्याच शेतात उभ्या राहिलेल्या सोसायटीला विकतो. गळ्यात साखळी अशी, की बैलालाही जड व्हावी. पण भेटला की चहाचे पैसे अजून मलाच द्यायला लावतो.

तुझे दादा आणि आमचे अण्णा, दोघेही आयटीआय करून कंपनीत चिकटलेले. ‘पर्मनंट’ एवढ्या एका शब्दावर पतपेढी कर्ज द्यायची, मुलीकडचे होकार द्यायचे. आकुर्डीत बजाजचं उत्पादन २००७ ला थांबलं, तोवर अण्णा व्हीआरएस घेऊन घरी बसले होते. त्या पैशातून वरच्या दोन खोल्या बांधल्या. त्यांच्या भाड्यावर आमचं घर अजून तरतंय.

तिथे आता चार पोरं राहतात, बीड-धाराशिवकडची. चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहेत. गाद्या दोनच. रात्रपाळीवाले आले की दिवसपाळीवाले उठतात. एकाला विचारलं, पर्मनंट कधी होणार? तो हसला आणि गळ्यातली आयकार्डाची पट्टी दाखवली. म्हणाला, ‘काका, आमची निळी, त्यांची लाल. बोल्ट एकच आवळतो, पगार त्यांना चौपट.’ सात-आठ महिने झाले की ब्रेक, म्हणजे कामावरून कमी, मग दुसरी कंपनी. त्याच्या वयात अण्णांनी या घराचा पाया घातला होता रे.

आणि आमचे चिरंजीव हिंजवडीत! त्यांचा पहिला पगार माझ्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त होता. पुनावळेला फ्लॅट घेतलाय, हप्ता वीस वर्षांचा. रविवारी येतो, पण गाडी लावायला जागा नाही म्हणून अर्ध्या तासात निघतो. ती पोरं त्याच जिन्यावरून चढतात-उतरतात. दोन वर्षांत एकमेकांचं नाव विचारलेलं नाही कुणी. वय जवळपास सारखंच. मला वाईट वाटतं, पण ओळख करून देऊन बोलायला काय लावू, तेही सुचत नाही.

रंग दिला कारण त्यातले दोघं ब्रेक मिळून गावी गेलेत. खोली महिनाभर अर्धी रिकामी आहे, तेवढ्यात ये. काकूंना नमस्कार, वहिनींनाही घेऊन ये. निघण्याआधी फोन मात्र कर, पाण्याचा दिवस कोणता ते सांगतो.

तुझा,
पक्या