मोटारहोममागची मोटार : खात्याचं मत नको, नियम हवा

माननीय परिवहनमंत्री,
युनायटेड किंग्डम सरकार, लंडन

विषय : मोटारहोममागे ए-फ्रेमने मोटार ओढण्याबाबत स्पष्ट नियम करणे

सप्रेम नमस्कार.

मोटारहोममागे, म्हणजे झोपण्या-जेवणाची सोय असलेल्या मोठ्या गाडीमागे, ए-फ्रेमने (त्रिकोणी दांड्याने) छोटी मोटार जोडून नेणं ब्रिटनमध्ये कायदेशीर आहे का? कुठल्याही कॅम्पसाइटवर हा प्रश्न टाकून बघा. चहा गार होईल, पण वाद मिटणार नाही. ए-फ्रेम विकणारा म्हणतो, अगदी कायदेशीर. शेजारचा म्हणतो, पकडलं नाही तोवर कायदेशीर. विमा कंपनीला फोन केला तर पलीकडची व्यक्ती आधी ए-फ्रेम म्हणजे काय ते विचारते. आणि आपलं खातं म्हणतं की आमच्या मते असं असं आहे, पण कायद्याचा अंतिम अर्थ न्यायालयच लावेल.

मी ब्रिटनमध्ये मोटारहोम चालवते आणि मागे छोटी मोटार ओढते. इथली बरीच मराठी मंडळी अलीकडे मोटारहोम घेऊन सुट्टीला निघतात आणि हाच प्रश्न मला मराठीत विचारतात, म्हणून पत्र मराठीत लिहिलं आहे. इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवते आहे.

आधी खात्याची भूमिका जशी मला समजली तशी सांगते. मोटारीच्या पुढच्या बाजूला त्रिकोणी दांडा, म्हणजे ए-फ्रेम, बसवून ती दुसऱ्या वाहनामागे चारही चाकांवर ओढली, की दांडा आणि मोटार मिळून एक ट्रेलर झाला. ट्रेलर झाला म्हणजे १९८६ चे वाहनबांधणी आणि वापराचे नियम आणि १९८९ चे दिव्यांचे नियम त्याला लागू. मागे लाल त्रिकोणी रिफ्लेक्टर हवेत, ब्रेकचे आणि वळणाचे दिवे मोटारहोमच्या दिव्यांबरोबर लागायला हवेत, नंबरप्लेट मोटारहोमची हवी. इथवर कुणाची तक्रार नाही. दिव्यांची फळी आणि एक केबल, काम झालं.

खरं घोंगडं भिजत पडलंय ते ब्रेकचं.

कमाल भारित वजन ७५० किलोपर्यंत असलेल्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात. अनेकांना वाटतं, आपली मोटार हलकी आहे, सुटलो. पण इथे मोटारीचं रिकामं वजन धरत नाहीत. माणसं आणि सामान धरून कारखान्याने ठरवलेलं कमाल वजन धरतात. त्या हिशेबाने बाजारातली जवळपास प्रत्येक मोटार ७५० किलोच्या वर जाते, अगदी दोन आसनी चिमुकलीसुद्धा. म्हणजे ब्रेक हवेच, आणि ते नियमात सांगितलेल्या क्षमतेचे हवेत.

आता ते ब्रेक लावायचे कसे? मोटारीत बसून पॅडल दाबायला कुणी नसतं. जुनी पद्धत धक्क्याची. मोटारहोमचा वेग कमी झाला की मागची मोटार पुढे रेटते, जोडणी दबते, तिच्यातली तार मोटारीचं ब्रेक पॅडल ओढते. कागदावर छान. पण मोटारीचं इंजिन बंद असतं, त्यामुळे ब्रेकच्या सर्वोला, म्हणजे पॅडल दाबताना पायाला जोर देणाऱ्या भागाला, लागणारी हवेची ओढ (व्हॅक्यूम) मिळत नाही. इंजिन बंद करून उभ्या मोटारीचं पॅडल एकदा लागोपाठ दाबून पाहावं. पहिल्या दोन-तीन वेळा ते नेहमीसारखं खाली जातं, मग दगडासारखं घट्ट होतं. लांबच्या उतारावर नेमकं हेच होणार. ए-फ्रेमच्या चांगल्या किटमध्ये म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, किंवा मोटारहोमच्या ब्रेकचा इशारा घेऊन पॅडल दाबणारं विजेचं यंत्र असतं. स्वस्तातल्या किटमध्ये यातलं काही नसतं. दोन्ही सारख्याच छातीठोकपणे ‘कायदेशीर’ म्हणून विकली जातात, आणि घेणाऱ्याला फरक कळावा असा कुठलाही शिक्का त्यांच्यावर नसतो.

दुसरी अडचण रिव्हर्सची. १ ऑक्टोबर १९८८ पासूनच्या तरतुदीनुसार धक्क्यावर चालणाऱ्या ब्रेकचा ट्रेलर मागे ढकलताना ब्रेक धरून बसता कामा नये, आणि ही सोय आपोआप चालू-बंद व्हायला हवी. ए-फ्रेमवर हे साधणं फार कठीण, असं खातंच सांगतं. विजेचं यंत्र मागे जाताना पॅडलला हातच लावत नाही, म्हणून तो प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. पण मागे जाण्याचा प्रश्न नुसता ब्रेकचा नाही, तो चाकांचाही आहे, आणि त्याबद्दल नियम गप्प आहे.

मोटारीची पुढची चाकं पुढे ओढताना आपसूक सरळ होतात, त्यांची बसवणीच तशी असते. मागे ढकललं की उलट होतं. वीतभर मागे गेलं की स्टिअरिंग स्वतःहून फिरतं, चाकं एका बाजूला पूर्ण वळतात, टायर आडवे घासायला लागतात आणि सगळा ताण दांड्यावर येतो. पेट्रोल पंपावर समोर कुणी आडवी गाडी लावली, की मला उतरून मोटार सोडवावी लागते. आणि ताणाखालच्या पिना हाताने निघत नाहीत. एकाने मोटारहोम बोटभर पुढे घ्यायचं, दुसऱ्याने त्याच क्षणी पीन खेचायची, मागे थांबलेल्यांचे हॉर्न ऐकत. उतार असेल तर मोटारीच्या चाकामागे आधी ठोकळा लावायचा. दांडा वाकेपर्यंत मागे रेटणारे लोकही मी पाहिले आहेत. मग तोच वाकडा दांडा हातोडीने सरळ करून ते साठ मैलांच्या वेगाने मोटरवेवर निघतात. त्यांना कोण थांबवणार?

मग मोटार ट्रेलरवर का चढवत नाही, असं आपले अधिकारी विचारतील. चढवावी, जमत असेल तर. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक असतात, मागे घेता येतो, वाद नाही. पण ट्रेलरचं काहीशे किलो वजन वाढतं, आणि मोटारहोमवर कारखान्याने लावलेल्या वजनाच्या पाटीवरचं गाडी-ट्रेलर मिळून कमाल वजन काही त्यासाठी वाढत नाही. समजा पाटीवर एकत्रित ५,००० किलो आहे आणि मोटारहोम भरून ३,५०० किलोचं झालं, तर मागे उरले १,५००. हजार किलोच्या मोटारीला ट्रेलरसह ते कसंबसं पुरतं, जरा मोठी मोटार असली की संपलं. शिवाय कॅम्पसाइटवर रिकामा ट्रेलर ठेवायचा कुठे? दोन चाकं उचलणारी डॉली हा उपाय तर खात्याच्याच मते बंद पडलेली गाडी हलवण्यापुरता.

मोटार न्यायचीच कशाला, या प्रश्नाचं उत्तर कॉर्नवॉलच्या गल्लीवजा रस्त्यांवर किंवा लेक डिस्ट्रिक्टमधल्या हार्डनॉट खिंडीत मिळेल. सात मीटरचं धूड तिथे नेण्यापेक्षा ते तळावर उभं करून छोट्या मोटारीने जाणं सगळ्यांच्याच सोयीचं आहे, स्थानिकांच्या तर जास्तच.

परदेशाचं एक सांगते. जर्मनीच्या वाहन नियमांत कलम ३३ मध्ये सरळ लिहिलं आहे की बांधणीने मोटार असलेलं वाहन ट्रेलर म्हणून वापरायचं नाही. स्पेनमध्ये बंद पडलेली मोटारसुद्धा त्यासाठीच असलेल्या वाहनाने न्यायची, आणि तिथे ए-फ्रेमवाल्या ब्रिटिशांना दंड झालेले आहेत. १९६८ चा रस्तेवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करार ब्रिटनला २०१९ मध्ये लागू झाला. आपल्या देशात चालतं ते दुसऱ्या देशानेही चालू द्यावं, असा त्याचा हवाला देऊन वाद घालणारे बरेच आहेत, पण रस्त्याच्या कडेला, मोडक्या स्पॅनिशमध्ये, पोलिसासमोर आंतरराष्ट्रीय करार कुणाला समजावायचा? हातात दाखवायला आपल्याच देशाचा कागद नाही. खात्याचं मत छापून नेलं तर तो पोलिसही विचारेल, हा कायदा आहे का? मला जर्मनीचा नियम आवडत नाही, पण तो वाचल्यावर शंका उरत नाही.

आणि हा गोंधळ आता वाढणार आहे. आजवर मागे ओढल्या जाणाऱ्या मोटारी म्हणजे हाताने गिअर बदलायच्या छोट्या गाड्या. न्यूट्रल करा, हँडब्रेक सोडा, स्टिअरिंगचं लॉक उघडं ठेवा, निघा. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांना हे चालत नाही, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्सला तेल पोचत नाही. विजेच्या मोटारींचं तर बहुधा अजिबात जमत नाही. चाकं फिरली की मोटर फिरते, वीज तयार होते आणि आतली यंत्रणा बिघडू शकते. अमेरिकेत गाडीच्या पुस्तिकेत सुट्टीसाठी मागे ओढण्याबद्दल वेगळा भाग असतो, चालतं की नाही ते तिथेच कळतं. आपल्याकडे ती माहिती ग्राहकाने विक्रेत्याला विचारायची आणि विक्रेत्याने खांदे उडवायचे. पेट्रोलच्या नव्या मोटारी बंद करण्याचं धोरण आपणच पुढे नेत आहात. मग विजेच्या प्रत्येक नव्या मोटारीच्या पुस्तिकेत ‘चारही चाकांवर ओढता येईल’ किंवा ‘येणार नाही’ हे एक वाक्य सक्तीचं करायला खर्च कसला?

ए-फ्रेमवर सरसकट परवानगी द्या असं माझं म्हणणं नाही. खात्याने जे मत म्हणून सांगितलं आहे, ते नियमाच्या भाषेत आणावं. ब्रेकच्या किटची चाचणी ठरवावी, पास झालेल्या किटवर आणि दांड्यावर पाटी असावी, ती कुणी बसवली याची नोंद असावी. सर्वोला व्हॅक्यूम न पुरवणारं किट चाचणीत नापास झालं तर होऊ दे; माझंही झालं तरी चालेल. जोडणी तुटली तर मागच्या मोटारीचे ब्रेक आपोआप लागतात की नाही, हे त्या चाचणीत, अशा वेळी ब्रेक लावणारी तार प्रत्यक्ष ओढून पाहावं, विक्रेत्याच्या कागदावर विसंबू नये. रिव्हर्सच्या बाबतीत ए-फ्रेमला सूट द्यायची असेल तर तसं लिहावं, नसेल तर हा प्रकार बंद आहे असं लिहावं. आणि युरोपीय देशांशी बोलून आपल्या नियमातला ट्रेलर त्यांना मान्य आहे का, हे एकदा विचारून उत्तर जाहीर करावं.

पुढचा हंगाम ईस्टरला सुरू होतो. तोवर निदान सल्लामसलतीचा मसुदा तरी निघावा, ही विनंती.

आपली,
एक मोटारहोमधारक