निगेटिव्ह म्हणजे नेमकं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

महाशिवरात्र किंवा नवरात्र आलं की भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या तुमच्या पेपरात येतातच आणि दोन-तीन दिवसांनी कोपऱ्यात एक ओळ येते, ‘नमुने निगेटिव्ह’. मी गेली अठरा वर्षं सरकारी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, मला या एका ओळीबद्दलच बोलायचंय.

एका वर्षी आमच्याकडे रात्रभर पेशंट येत होते, उलट्या, चक्कर, हातपाय थरथरतायत, सगळ्यांना आधी सलाईन आणि अँटिबायोटिक लावलं आणि स्टूल सॅम्पल घेतले सकाळी. कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघायच्या टेस्टला, काहीच वाढलं नाही. औषध पोटात गेल्यावर जंतू वाढणार कुठून? त्यात भगरीचा त्रास बऱ्याचदा बुरशीच्या विषाने होतो, ते विष जंतूंच्या कल्चरमध्ये दिसतच नाही. मी रजिस्टरला लिहिलं होतं, ‘ग्रोथ नाही, सॅम्पल अँटिबायोटिकनंतरचं, भगरीचा नमुना मिळाला नाही’. पुढे ऑनलाइन एंट्री झाली तेव्हा त्यातलं फक्त ‘निगेटिव्ह’ उरलं. दोन डब्या तर गळून आलेल्या, त्यांची टेस्टच झाली नव्हती, त्यांच्यापुढेपण निगेटिव्हच! मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आयडीएसपी, म्हणजे साथींवर लक्ष ठेवायचा केंद्र सरकारचा कार्यक्रम, २००४ ला सुरू झाला तेव्हापासून एस, पी, एल असे तीन फॉर्म आहेत, एस म्हणजे गावात दिसलेली लक्षणं, पी म्हणजे डॉक्टरांचं निदान, एल म्हणजे लॅबने पक्कं केलेलं. २०२१ पासून देशभर हे सगळं आयएचआयपी या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर जातं. पण लॅबचीच नोंद अर्धवट गेली तर वर बसलेल्यांना वाटणार की खाण्यात काही नव्हतंच, आणि ती भगर दुकानात तशीच विकली जाणार.

२०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूची साथ होती तेव्हा स्पेनच्या काकड्यांवर ई. कोलाय सापडला म्हणून हॅम्बुर्गने जाहीर करून टाकलं, आणि चार-पाच दिवसांत कळलं की पेशंटमधला प्रकार ओ१०४ आहे, काकडीवरचा वेगळाच. तोवर तिकडच्या शेतकऱ्यांचा माल कुजला होता. शेवटी बोट गेलं मेथीच्या मोडांकडे. म्हणजे पॉझिटिव्हसुद्धा नुसतं लिहून चालत नाही, कोणता जंतू, कोणता प्रकार ते लिहायला लागतं.

निगेटिव्ह, सॅम्पल खराब, टेस्ट केली नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एंट्रीतही वेगळ्याच जायला पाहिजेत, आणि सॅम्पल औषधाआधी घेतलं की नंतर हे सोबत हवं. तुमच्या बातमीदारांनाही विनंती, कोणी निगेटिव्ह आलं म्हटलं की विचारा, कशासाठी तपासलं होतं आणि भगर तपासली का.

– एक लॅब टेक्निशियन, मराठवाडा